संमती देणार

मुलगी परदेश सोडून शेती करायला परत येते आहे, हे फोनवर कळले तेव्हा मी जेवत होतो. 'शेतकऱ्यांमध्ये भीतीचे वातावरण आहे' हे वाक्य मी तोपर्यंत तालुका कृषी अधिकाऱ्यांपासून मंत्रालयापर्यंत सर्वांना लिहून पाठविले होते, आणि पुष्कळदा पाठविले होते. भीती पोटात कशी उतरते आणि माणसाला बोलू कशी देत नाही, हे मात्र मला त्या दुपारी समजले.

"बाबा, ऐकून राह्यले ना?"

"नोकरीचं काय?"

"नाही म्हणून सांगितलं त्यायले."

"काऊन?"

"आल्यावर सांगते. तुमी आधी जेवा."

मी चिखलीच्या न्यायालयात निवृत्तीपर्यंत लिपिक होतो. वकिली कधी केली नाही. परंतु कायदा मुळातून वाचण्याची खोड आणि अन्याय दिसला की पत्र लिहिण्याचे व्यसन, यांमुळे गाव मला वकीलसाहेब म्हणते, निम्मे आदराने आणि निम्मे चेष्टेने. बीटी कपाशी आमच्या शिवारात आली तेव्हा अळीसाठी आता फवारणी नको, असे विकणाऱ्यांनी तोंड भरून सांगितले होते, आणि पहिली काही वर्षे ते खरेही ठरले. पुढे गुलाबी बोंडअळी आली. ती बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड हिरवेगार, फोडले की आत सगळे किडलेले. मी बियाणे कंपनीला जाब विचारला. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला आले ते इंग्रजीत, जनुकांच्या आणि प्रतिकारशक्तीच्या भाषेत, आणि सरतेशेवटी दोष आमच्या हवामानाचा व आमचाच. मुलगी तेव्हा शाळेत होती. माझ्या पत्रांच्या स्वच्छ प्रती तीच काढी. तिने विचारले, "हे काय लिवलं, बाबा?" मला ते समजले नव्हते, आणि न समजल्याचा संताप मी बोलून टाकला: "हे समजणारं घरात कोणी असतं, तर यांची काय बिशाद होती!"

तिने ते मनावर घेतले. अकोल्याला शेतकीची पदवी, मग शिष्यवृत्ती, मग युरोपातल्या एका विद्यापीठात कीटकांचा आणि पिकांच्या जनुकांचा अभ्यास. शिक्षण संपताच तिकडच्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला कायमची जागा देऊ केली गेली. म्हणजे माझ्या रागाला फळ आले होते. आणि नेमकी आता ती म्हणत होती की वावरात उतरणार.

माझी भीती कल्पनेतली नव्हती. बोंडअळीच्या एका वाईट वर्षी, दिवाळीच्या आधीच्या कडक उन्हात, मी स्वतः पाठीवर पंप घेऊन फवारणी केली होती. कपाशीची पऱ्हाटी डोक्याइतकी उंच वाढलेली. वारा फिरला आणि औषध तोंडावर आले. धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पोहोचतो तोच भर दुपारी डोळ्यांपुढे संध्याकाळ झाली, तोंडातून लाळ गळू लागली, आणि दंडाचे मांस माझ्या इच्छेविरुद्ध उडू लागले. सरकारी दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर आमच्याच शिवारातला एक तरुण होता. मी घरी आलो. तो आला नाही. त्यानंतर पंपाची नळी दिसली की मी रस्ता बदलतो, हे माझ्या पत्नीखेरीज कोणाला ठाऊक नाही.

मी मुलीला मुद्देसूद पत्र लिहिले: कोरडवाहू जमीन, भावाची अनिश्चिती, विषबाधा, पुन्हा तिकडे प्रवेश न मिळण्याची शक्यता, आणि शेती करणाऱ्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न. तिचा फोन आला.

"बाबा, मुद्दा क्रमांक पाच फेटाळण्यात येत आहे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे खरे आहेत. पण मी येऊन राह्यली."

मग भीतीने मला चतुर केले. मुलगी परत येणार ती जमीन आहे म्हणून. तर जमीनच राहू नये. आमच्या धुऱ्याला लागून ज्यांचे वावर आहे, ते कापसाचे व्यापारी भाई पुष्कळ दिवसांपासून आमची जमीन मागत होते. मी होकार दिला. त्यांना एक तुकडा नव्हे, सगळी हवी होती. मलाही सगळीच विकायची होती, आणि त्याचे कारण फक्त मला ठाऊक होते. आपल्या राज्यात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. शेवटचा एकर गेला की आमच्या कुटुंबाचे शेतकरीपण संपणार होते, आणि मुलीला पुढे कोठेही वावर घेता येणार नव्हते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मार्ग कायद्यात आहे. त्या मार्गावर माणसे म्हातारी झालेली मी पाहिली आहेत.

जमीन वडिलोपार्जित, म्हणून मुलीचाही हिस्सा. भाई व्यवहारात पक्के. म्हणाले, "वकीलसाहेब, बेटीची सही पायजे हां. उद्या झगडा नको."

पत्नी म्हणाली, "तिले विचारलं काय?"

"आल्यावर विचारतो."

"ती सही देनार नाही, पाहून घ्या."

ती आली, आणि आठवडाभर टाळून मी घाबरत विचारले, तर ताबडतोब हो म्हणाली! मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. कलमे पाठ होती. ती म्हणाली, "विका. मले बी ही जमीन नकोच होती, इथं पऱ्हाटीशिवाय काय होते? मी जानेफळकडं पाहून आली. विहिरीची जमीन हाये, थोडीच, पण पानी हाये. कांद्याचं बियाणं करीन."

मी मान हलविली. कायदा सांगितला नाही.

त्या संध्याकाळी तिने नोकरी का सोडली ते सांगितले. प्रयोगशाळेत तिचे काम बोंडअळ्या जगविण्याचे होते. लहान लहान कपांत एकेक अळी, तिला शिजवून केलेला खुराक, आणि मग त्यात विष मिसळून कोण मरते, कोण उरते ते पाहायचे. "विष पचवून उरल्या, बाबा, की सायेब खूश. म्हणायचे, आता नव्या वाणाचं काम निघालं. मले तुमचं वावर दिसायचं. ते उत्तर आता मले समजते, जे तुमाले आलं होतं. समजलं म्हणून काई बदललं नाही. मी त्यायच्या बाजूनं बसून राह्यली होती फक्त."

"आणि कांद्याला फवारणी लागत नाही?" मी विचारले. एवढेच विचारायचे होते.

"लागते. पण फुलावर आला का मारता येत नाही. मधमाशा मेल्या तर बी कोन धरनार?"

"गारपीट?"

ती हसली. "बाबा, गारपिटीले नोटीस पाठवा तुमी."

पत्नी खळखळून हसली. मला हसू आले नाही. त्यानंतर दस्ताच्या दिवसापर्यंत मी घरात चोरासारखा वावरलो. ती जानेफळच्या विहिरीची खोली सांगे, मी पाणी प्यायला उठे. ती शेजारणीकडे मधपेट्यांची चौकशी करी, मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरी. बोललो असतो तर ती शेतकरी होणार होती, आणि तिच्या पाठीवर मला पंप दिसत होता. गप्प राहिलो तर ती सुरक्षित राहणार होती. हे सगळे मी न्यायालयात शिकलेल्या शांतपणे स्वतःला समजावीत असे.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही सकाळीच गेलो. भाई नवा सदरा घालून आले होते. लिहून देणार, म्हणजे विकणारा, म्हणून माझी सही झाली, अंगठा झाला, यंत्राने छायाचित्र घेतले. कारकुनाने पुकारले, "संमती देणार कोण?" मुलगी पुढे झाली. तिने दस्त वाचलासुद्धा नाही. उभ्या आयुष्यात मी कोणाला न वाचता सही करू दिलेली नाही. अनोळखी पक्षकारालाही मी कोर्टाच्या व्हरांड्यात थांबवून वाचायला लावीत असे. तिने बोट यंत्रावर ठेवले.

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं, वकीलसाहेब?" भाईंनी विचारले.

मी तिला कायदा सांगितला. सगळा, व्हरांड्यात पक्षकाराला सांगत असे तसा, परिणामांसह. ही सही झाल्यावर जानेफळची जमीन तुझ्या नावे होणार नाही, ती नाही आणि दुसरीही नाही.

तिने बोट काढले. "हे तुमाले कवापासून माईत हाये?"

"सौदा ठरायच्या आधीपासून."

कारकून म्हणाला, "बाई, मागं लाइन आहे."

ती बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. बाहेर मुद्रांक विकणाऱ्यांच्या टेबलांशी ती उभी होती, आणि रडत नव्हती. रडली असती तर मला सोपे गेले असते.

"मले वाटलं बाबा थकले," ती म्हणाली. "म्हनून मी हो म्हटलं. नाहीतर मी इथंबी केलं असतं काईतरी."

"मी भ्यालो आहे," मी म्हणालो. "तो पंप... तू पाहिलं नाहीस."

"मी दवाखान्यात होती बाबा. तुमच्या खाटेपाशी. तुमाले दिसत नव्हतं म्हनून तुमाले माईत नाही."

भाई बाहेर आले. रागावले होते आणि त्यांना तसा हक्कही होता. "जुबान दिली होती तुमी! लोकायले कायदा सांगता, अन् सोता काय करता?" मुलीनेच मार्ग काढला: तिच्या शिलकीतून येईल तेवढी जानेफळची जमीन आधी घ्यायची, शेतकरी आहोत तोवर; ती नावावर चढली की आमची जमीन भाईंना लिहून द्यायची. भाईंनी ते पुन्हा एकदा तिच्याकडून समजून घेतले. मग म्हणाले, "बेटीच्या शब्दावर थांबतो. तुमच्या नाही."

जानेफळचा दस्त मेहकरला झाला. खरेदीदार ती; मी साक्षीदार. ती सगळी पाने वाचून सही करीत होती, एका ठिकाणी तिने विहिरीच्या दिशेची चूकही काढली. माझी पाळी आली. साक्षीदाराला काही गमवायचे नसते, तो फक्त पाहिल्याचे लिहून देतो. तरीही पेन टेकविताना माझा हात उडू लागला, फवारणीच्या दुपारी दंड उडाला होता तसा.

"आजोबा, ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही," कारकून म्हणाला. "परत करा."

मी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि परत केली.