चार लाइट लागल्या आणि साहू गेला

"काल गाडी चालत होती. तुम्ही दुरुस्त केली अन् आज बिघडली. हे कसं काय, ते मले समजावून सांगा."

रामटेके मॅडमनी किल्ली माझ्या टेबलावर आपटली. नेहरू नगरात त्या गणिताचे क्लास घेतात, त्यामुळे त्यांना उत्तर हवं असतं आणि तेही पायरीपायरीने. आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. चालताना चाकातून घुमल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज थांबला, पण घरी जाताना डॅशबोर्डवर एकदम चार लाइट लागल्या: एबीएस, ट्रॅक्शन, हिल असिस्ट बंद, पॉवर स्टिअरिंग तपासा.

मी बावीस वर्षांपासून भिलाईत गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. असे चार संदेश एकदम आले की माणूस घाबरतो, चार बिघाड झाले असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा बिघाड एकच असतो. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय हे तो गाडीतल्या कंप्युटरला कळवतो. जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊन गाडी घसरू नये, हे एबीएसचं काम. एका चाकाची खबर आली नाही की एबीएस आपलं काम बंद करतं, आणि त्याच खबरीवर चालणाऱ्या बाकीच्या यंत्रणाही हात वर करतात.

गाडीच्या कंप्युटरला स्कॅनर लावला. कोड आला: पुढचं डावं चाक, सिग्नल नाही. म्हणजे काल जिथे हात लागला तेच चाक.

काम साहूने केलं होतं. साहू आमचा जुना मेकॅनिक, जामुलचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. मी त्याला मॅडमसमोरच हाक मारली आणि तोंड सोडलं. "सेन्सर की तार खींच दी ना? कितनी बार बोला, हब निकालने से पहले तार खोलो!"

"तार को मैंने हाथ नहीं लगाया, भैया. खोलके बाजू में बाँधा था."

"तो भूत ने तोड़ा क्या?"

तो खाली वाकून चाक खोलायला लागला. ते पाहून माझं डोकं आणखी फिरलं.

तार तपासली. ठीक होती. उजवीकडचा सेन्सर डावीकडे लावून पाहिला, तरी कोड डाव्याच चाकाचा. म्हणजे सेन्सरही ठीक. राहिलं बेअरिंग. हल्लीच्या गाड्यांमध्ये बेअरिंगच्या एका बाजूला रबरासारखी काळी रिंग असते. त्या रिंगमध्ये डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक चुंबक ओळीने भरलेले असतात. चाकाबरोबर ते फिरतात आणि सेन्सर ते मोजतो. रिंग खराब, तर सेन्सरला मोजायला काहीच नाही.

"डुप्लीकेट माल होगा," सेठ म्हणाला. सेठ म्हणजे गॅरेजचा मालक. दुसऱ्या दुकानातून दुसरं बेअरिंग आणलं. आमच्याकडे प्रेस मशीन नाही, म्हणून बेअरिंग दाबून बसवायला हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, हथखोजला एका वर्कशॉपमध्ये जातो. साहू घेऊन गेला, बसवून आणला, चाक लावलं. मी गाडी घेऊन रस्त्यावर निघालो. पुढच्या चौकापर्यंत चारही लाइट हजर.

सेठने साहूला सगळ्यांसमोर उभं केलं. "दो बार बिगाड़ा. तेरे हाथ में अब दम नहीं रहा. कल से मत आना."

साहूने माझ्याकडे पाहिलं. मी स्कॅनरकडे पाहत राहिलो. खरं सांगतो, तेव्हा मलाही वाटत होतं की गडबड याचीच आहे. त्याने डबा उचलला, सायकल काढली आणि गेला.

मग सेठ माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "वासनिक, मीटर खोलके लाइट ही बंद कर दो. मॅडम को क्या समझता है?"

माझ्या अंगाची आग झाली. पावसाळ्यात आमच्या हायवेवर गायी-म्हशी रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात. ही बाई रोज तिथून जाते. समोर म्हैस दिसल्यावर ती ब्रेक दाबेल, गाडी घसरेल, आणि लाइट विझलेली असल्यामुळे एबीएस बंद आहे हे तिला शेवटपर्यंत कळणार नाही. दुरुस्ती म्हणून हे करायचं?

"मीटरला हात लावणार नाही," मी मराठीतच ओरडलो. सेठला मराठी कळत नाही, पण एवढं कळलं.

तिसरं बेअरिंग मी स्वतः आणलं. आमच्या धंद्यात एक लहानसं कार्ड मिळतं. काळ्या रिंगवर ठेवलं की आतल्या चुंबकांच्या रेघा त्यावर उमटतात. ते एका ओळखीच्या माणसाकडून मागून घेतलं. डबा उघडून पाहिलं, कंगव्याच्या दातांसारख्या सरळ रेघा. माल अस्सल होता. हब आणि बेअरिंग घेऊन मी हथखोजला गेलो.

तिथे प्रेसवर खोब्रागडे मामा असतात. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून फिटर म्हणून रिटायर झाले. बेअरिंगच्या बाबतीत त्यांच्यासमोर बोलायची माझी तर सोडा, कोणाचीच टाप नाही. मामांनी बेअरिंग हातात घेतलं, स्वच्छ कपड्याने पुसलं. मग खिशातून मुठीएवढं चुंबक काढलं आणि बेअरिंगवरून सावकाश फिरवायला लागले. या बाजूने, मग त्या बाजूने.

"मामा! काय करून राहिले?"

"साफ करून राहिलो. लोखंडाची भुकटी असते ना बाबू, दिसत नाही. एक कण आत गेला तर बेअरिंग खलास. मिलमध्ये चुंबक फिरवल्याबिना मी एकही बेअरिंग बसवलं नाही."

मी त्यांच्या हातातून बेअरिंग हिसकावलं आणि कार्ड ठेवलं. रेघा विस्कटल्या होत्या. अर्ध्या भागात तर नुसता काळा डाग. मोठ्या चुंबकाने आतले बारीक चुंबक पुसून टाकले होते.

"आधीच्या दोन बेअरिंगलेही फिरवलं?"

"फिरवलं ना. कावून?"

शिवी ओठांवर आली होती, ती गिळली. माणूस मन लावून, प्रेमाने काम करत होता आणि त्याच प्रेमाने तीन बेअरिंग मारली होती. मिलच्या बेअरिंगमध्ये अशी रिंग नसते, त्यांना कोणी सांगणार तरी कधी? मी कार्ड दाखवून समजावलं. मामांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "मले कोणी सांगितलं नाही रे," म्हणाले, आणि चुंबक टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

चौथं बेअरिंग माझ्या डोळ्यांदेखत बसलं. मॅडमना शेजारी बसवून मी गाडी चालवली. डॅशबोर्ड कोरा. मॅडम म्हणाल्या, "मग त्या साहूची काही चूक नव्हती?"

"नव्हती."

"मग त्याले कावून काढलं?"

मी गाडी वळवली. गॅरेजात येऊन सेठला म्हटलं, साहूला फोन करा. तो हसला. "तुम ही बुला लो. आना है तो आए." मला त्याचा इतका राग आला की हातातला पाना मी फेकूनच दिला. पण फोन करून भागणार नव्हतं. मी जामुलला त्याच्या घरी गेलो.

साहू अंगणात सायकलची चेन बसवत होता. ट्रॅक्टरच्या एका गॅरेजात लागलो, म्हणाला. मी झालं ते सगळं सांगितलं. मामा, चुंबक, काळा डाग. त्याला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"चुंबक फेरते मैंने देखा था, भैया. दोनों बार वहीं खड़ा था."

"तो बोला क्यों नहीं?"

"मुझे क्या मालूम उससे बिगड़ता है? आप पूछते क्या-क्या हुआ, तो बता देता. आपने तो तार का ही पूछा."

चहा मिळाला. साहू परत आला नाही.

आता गाडी लाइट लावून परत आली की मी स्कॅनर नंतर जोडतो. आधी ज्याने काम केलं त्याला स्टूलवर बसवतो आणि सुरुवातीपासून विचारतो, काय काढलं, कुठे ठेवलं, कोणाकडे नेलं, तिथे काय झालं. पाच मिनिटं लागतात. तेव्हा तेवढी दिली असती तर दुसऱ्या बेअरिंगवर काम संपलं असतं, आणि साहू आजही आमच्याकडे असता.