मारबत तिले काहून नेईल?

आमच्या प्रताप नगरातल्या बिल्डिंगखाली सिमेंटचा एक बाक आहे आणि त्या बाकावरून रोज संध्याकाळी देश चालतो. कोणाला तिकीट द्यायला पाहिजे होतं, सीमेवर काय करायला पाहिजे, आजकालची लेकरं मोबाईलनं कशी वाया गेली, सगळं तिथंच ठरतं. मीही असते त्यात. तीस वर्षं सरकारी कचेरीत टेबलामागं बसून काढली, मला मतं नसतील तर कोणाला असतील?

वरचा आमचा फ्लॅट मी दोन वर्षांपूर्वी एका बाईला भाड्यानं दिला. अरुणाचलची. बुटीबोरीला एका कारखान्यात सूत तपासायची नोकरी, सोबत पाच वर्षांची मुलगी. बाकानं लगेच मत दिलं, "वहिनी, खातात काय ते विचारून घ्या बरं." मी म्हटलं, "तुम्ही काय खाता ते मी कधी विचारलं का?" एवढी मी शहाणी! आणि कागदपत्रं करताना त्याच शहाणपणानं तिला विचारलं, "पासपोर्ट है ना?" ती हसली नाही. आधार कार्ड टेबलावर ठेवत म्हणाली, "आंटी, हमारे उधर आने को आपको परमिट लगता है. मेरे को नागपूर आने को कुछ नहीं लगता." कान तापले माझे. चहा करायच्या निमित्तानं आत पळाले.

पोरगी मात्र दोन वर्षांत अशी नागपुरी झाली की विचारू नका. "आजी, मले भूक लागून राहिली वं," म्हणत थेट माझ्या स्वयंपाकघरात. माझी आठ वर्षांची नात आणि ती, दिवसभर जिन्यावर धाडधाड.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा. लेकरं आपापले लाकडी बैल सजवून रांगेत उभे करतात, मग घरोघरी नेऊन खाऊ मागतात. त्याच दिवशी शहरात मारबत निघते. कागदा-बांबूची भलीमोठी बाई असते ती. गावाची सगळी इडापिडा तिच्या माथी मारायची आणि शहराबाहेर नेऊन जाळायची. जे जे नको असेल ते ओरडून सांगायचं, "घेऊन जा गे मारबत!" आमच्या बिल्डिंगची मुलंही खाली आपली हातभर मारबत करतात आणि तिच्याभोवती नाचतात.

यंदा त्या पोरीला मी माझ्या लेकाचा जुना बैल माळ्यावरून काढून दिला. तिनं शिंगांना चमकी लावली, गळ्यात माझ्या साडीच्या फॉलचा गोंडा बांधला. रांगेत तिसरी उभी होती. मुलांनी ओरडायला सुरुवात केली, "खोकला घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत! होमवर्क घेऊन जा गे मारबत!" बाकावरची मंडळी खूश. तेवढ्यात एक आवाज आला, "चिनी माल घेऊन जा गे मारबत!" आणि सगळ्या पोरांची बोटं त्या पोरीकडं. बाकावर हशा पिकला.

तो आवाज माझ्या नातीचा होता. आणि खोटं काहून बोलू, अर्धं हसू माझ्याही तोंडावर आलं होतं. मग त्या पोरीचं तोंड दिसलं. ती बैल तिथंच टाकून वर पळाली.

नातीला हा शब्द कुठून मिळाला ते मला चांगलं माहीत होतं. मागच्या दिवाळीत विजेची माळ दुसऱ्या दिवशी बंद पडली तेव्हा, "चिनी माल आहे, देशातूनच हाकलून द्या सगळा," असं बाकावर सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं होतं? मीच.

चार दिवस पोर खाली आली नाही. पाचव्या दिवशी आई आली. "आंटी, हम इस महीने के बाद घर छोड़ देंगे. वो खिड़की भी खोलने नहीं देती." भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी तशीच पायात चप्पल सरकवून बाकावर गेले. म्हटलं, पोरांसकट सगळ्यांनी वर जाऊन माफी मागायची. सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, समजूतदारपणे म्हणाले, "ताई, लेकरंच तं आहेत. काहून राईचा पर्वत करून राहिल्या?"

"कालपर्यंत लेकरं बिघडली म्हणून तुम्हीच बोंबलत होते ना? आज एकदम निरागस झाली?"

दुसरे म्हणाले, "पण वहिनी, बोलली तं देशासाठीच. त्यात वाईट काय?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्या पोरीचा आजा सीमेवर सैन्याची ओझी वाहायचा, हे तिच्या आईनं मला सांगितलं होतं. ते फेकलं असतं तर सगळे गप्प झाले असते. पण मी गिळलं. काहून सांगू? सात वर्षांच्या पोरीला खाली खेळायचं असेल तर तिच्या आज्यानं आधी ओझी वाहिली पाहिजेत काय? तुमच्या कोणाच्या आज्याचा दाखला मागितला कोणी?

हा शेवटचा प्रश्न मात्र मी तोंडावर विचारला, आणि आवाज चढवूनच विचारला. हेही सांगितलं, की पुण्यात ट्रेनिंगला होते तेव्हा माझ्या "मले-तुले"वर अख्खा वर्ग हसायचा आणि मी तीन महिने तोंड उघडलं नव्हतं. त्या वर्गाचंही म्हणणं हेच होतं, की गंमत आहे, मनाला लावून घेऊ नका. अध्यक्ष म्हणाले, "सोसायटीत राहायचं म्हटलं की थोडं ॲडजस्ट करावंच लागते."

"तिनंच काहून करायचं? तुम्ही करा!"

कोणी उठलं नाही. बरं झालं, म्हटलं, बसा. या बाकावर मी पुन्हा बसणार नाही. तिथंच खेळणाऱ्या नातीचं बखोट धरलं आणि जिना चढले. नात रडत होती, मी काही तिला जवळ घेतलं नाही.

वर खोकी बांधायला काढलेली होती. पोर पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. नातीनं शाळेतल्या कवितेसारखं "सॉरी" म्हटलं. पोरीनं तिच्याकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "आजी, मारबत मले सच्ची न्यायले येते का वं?"

अगं माझे आई! आम्ही खाली मान-अपमानाच्या गप्पा करत होतो. ही चार दिवस त्या बाईची वाट पाहत खिडकी बंद करून बसली होती.

"नाही येत, बाई. तिले त्याच दिवशी जाळलं."

"पण तिले माझं नाव कोणं सांगितलं?"

नातीनं माझ्याकडं पाहिलं. आठ वर्षांच्या पोरीला उत्तर माहीत होतं.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तिला राग आला नाही. तिनं नीट विचार केला. मग पलंगावरून उतरून माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर.

"मंग तूच सांग तिले. म्हणावं, मी नाही जात."

दारात तिची आई उभी होती, हातात दोरीचं बंडल. "क्या बोल रही है ये?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बोल रही है, वो नहीं जाएगी."