डबल घंटीशिवाय घास नाही

डेपोच्या रेस्टरूममध्ये किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. गाडी ब्रेकडाऊन, बाहेर ऊन, चहा संपलेला. मग कुणीतरी म्हणतं, "मास्तर, तो माणिकभाऊच्या पोटाचा किस्सा होऊन जाऊ द्या!" मी गंगाखेड डेपोचा कंडक्टर, म्हणून सगळ्यांचा मास्तर; माणिकभाऊ माझा ड्रायव्हर. वर्षानुवर्षांची जोडी. पोरं पोट धरून हसतात. हसा लेको! तेव्हा माझ्यावर काय वेळ आली होती, ते माझं मला ठाऊक!

माणिकभाऊ म्हणजे धिप्पाड गडी. स्टिअरिंगला पोट घासायचं. भाकऱ्या मोजायच्या नाहीत, टोपलं मोजायचं! विद्यापीठाच्या नामांतराची धामधूम चालली होती, त्या वर्षांतली गोष्ट. त्याचा जुना अल्सर फुटला आणि औरंगाबादला ऑपरेशन करून अर्ध्याहून जास्त जठर काढून टाकावं लागलं.

डॉक्टरांनी मूठ वळून दाखवली. "आता पोट एवढंच. थोडं थोडं खायचं, पार पाणी होईपर्यंत चावायचं, गोड बंद. पण खायचं मात्र नक्की! नाही खाल्लं तर जखम भरणार नाही."

भाऊनं त्यांच्या मुठीकडं बघितलं, मग आपल्या पंजाकडं. "साहेब, मूठ तुमची धरायची का माझी?"

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही. शेजारी गयावहिनी, म्हणजे भाऊची बायको, उभी होती. तिनं हातातला डबा पदराखाली झाकला.

*

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर भाऊला एसटीनंच घरी आणलं. ड्रायव्हर दुसरा, नवखा. भाऊ पोटावर उशी घट्ट दाबून बसलेला. टाके तुटतील ही एकच धास्ती! आणि परभणी ते गंगाखेड रस्ता त्याला तोंडपाठ. डोळे मिटून तो आधीच ओरडायचा, "खड्डा! खड्डा आला! आता उजवीकडं घे, मोठा हाय!"

आणि खड्डा यायचाच. नवा ड्रायव्हर घामाघूम. शेवटी मागच्या सीटवरची म्हातारी कावली, "अगं बाई, ह्याला डोळे मिटून समदं दिसायलंय! मग उघड्या डोळ्याचा कशाला बसवलाय गाडीवर?"

सगळी गाडी हसली. भाऊ मात्र उशीवरचा हात काढेना.

*

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि नेलेलं त्याच्या तोंडात पडल्याशिवाय उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मानवतहून भाऊची मावशी शिरा घेऊन आली. वहिनी नको नको म्हणत होती. मावशी ऐकते होय? "एवढुशा शिऱ्यानं काय होतंय? साजूक तुपातला हाय!"

चार घास गेले असतील नसतील. भाऊला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, डोळे फिरले. वहिनीनं हंबरडा फोडला. मी अनवाणीच पळत जाऊन गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आलो. गेला माणूस, असंच मला वाटत होतं.

डॉक्टरांनी तपासलं. "हार्ट चांगलंय. पोट लहान झालंय ना, गोड एकदम आतड्यात उतरलं. आडवं पडू द्या, होईल बरं."

कोपऱ्यातून मावशीचा बारीक आवाज आला, "म्हंजे तुपाचा दोष न्हाई ना?"

*

पण त्या दिवसापासून भाऊनं खाणंच टाकलं. पेज नको, मऊ भात नको, वरणाचं पाणीसुद्धा नको. वाटी समोर आली की हात मागं. "मास्तर, घाटात ब्रेक फेल झाला तवा भ्यालो नव्हतो. आता घास बघितला की हात कापायलेत."

अंगातला सदरा लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा औरंगाबाद गाठावं लागेल, आणि या वेळची खात्री देता येणार नाही. तिकडं वहिनीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. मी विचारलं तर म्हणाली, "भावजी, त्यांच्या पोटात जात न्हाई, तवर माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

एका दुपारी मी त्याच्यासमोर बसून हात जोडले, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. वैतागून हातातला चमचा त्याच्या स्टीलच्या ताटावर आपटला. टण् टण्!

आता आमच्या धंद्यात एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. भाऊनं उभ्या नोकरीत डबल घंटीशिवाय गाडी हलवली नाही. खुद्द साहेब गाडीत बसून घाई करत होते, तरी म्हणाला होता, "घंटी मास्तरची, साहेब!"

त्याचा हात उचलला गेला. एक घास तोंडात गेला. मी लगेच पुन्हा चमचा वाजवला.

मग तेच सुरू झालं. ड्युटीच्या आधी आणि नंतर मी त्याच्या ताटापाशी. टण् टण्, घास. टण्, बस, पोट भरलं. डेपोत पोरं विचारायची, "काय मास्तर, घासाला फुल तिकीट का हाफ?"

पण माझ्याशिवाय तो खात नव्हता, ही नवी भीती होतीच. वहिनीनं दोनदा चमचा वाजवून बघितला. "ही मास्तरची घंटी न्हाई," म्हणून त्यानं वाटी सारली.

*

आणि नेमका नामांतरावरून बंद पुकारला गेला. मी येलदरीच्या गाडीवर होतो. रस्ते अडवलेले, गाड्या जिंतूरला उभ्या. निरोप धाडायची सोय नाही. सगळ्यांना दगडांची भीती, मला ताटाची! भाऊ तिकडं उपाशी बसला असणार, दुसरं काही सुचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुटल्या. गंगाखेडला उतरलो तो थेट त्याच्या घराकडं पळालो. दारात पोचलो आणि पाय थांबले.

आतून आवाज आला. टण् टण्!

डोकावून बघितलं. भाऊसमोरची वाटी रिकामी, चाटूनपुसून, तीही माझ्या घंटीशिवाय! त्याच्या पुढ्यात वहिनी बसलेली, त्याच्यापायी उपाशी राहिलेली, तिच्या ताटात भाकरी न् वरण तसंच, डोळ्याला पदर. चमचा भाऊच्या हातात. त्यानं तो पुन्हा तिच्या ताटावर आपटला.

"डबल दिली की, ड्रायव्हरसाहेब! काढा आता गाडी!"