लाइटची पट्टी

९ जुलै, बुधवार. कॉम्प्युटरवर कापडाचे फोटो बघून दोषांभोवती लाल चौकटी काढत होते. टेमघरच्या आमच्या कंपनीत माझं काम तेवढंच. लूमवरून उतरलेलं कापड कॅमेऱ्याने तपासणारं यंत्र आम्ही बनवतो, आणि दोष कशाला म्हणायचं हे त्या यंत्राला मी शिकवते. त्याआधी वीस वर्षं निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात हेच काम हाताने केलं.

आमचं पहिलं यंत्र भित्रं होतं. सूत जरा जाड दिसलं की बोंब मारायचं. गिऱ्हाइकं वैतागली. मग माझ्या चौकटींवर शिकलेलं नवं व्हर्जन आलं आणि कंपनी चालायला लागली. शहरभर यंत्रं बसली.

त्या दुपारी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने व्यापाऱ्याकडून परत आलेला त्याचा माल आमच्याकडे पाठवला. तागे आडव्या पट्ट्यांनी भरलेले, आणि आमच्या यंत्राने ते सगळे पास केलेले. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर यंत्रं काढून न्या, असा निरोप. आम्ही नऊ जण. ते गिऱ्हाईक गेलं की कंपनीला कुलूप.

"काकू, प्रोग्राम तीनदा बघितला," आमची इंजिनिअर म्हणाली. ती कोन गावची. "त्यात काय चूक न्हाय."

चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच. मी एक तागा उजेडावर धरला आणि पुढचे उघडले नाहीत.

लाइट गेली की लूम थांबतो, आणि परत सुरू होताना कापडावर आडवी पट्टी उमटते. कारखान्यात आम्ही तपासणाऱ्या बायका दोष दिसला की किनारीला दोऱ्याची गाठ मारायचो. गाठीगणिक लूम चालवणाऱ्या कारागिराची मजुरी कापली जायची. म्हणून लाइटच्या पट्टीला गाठ मारायची नाही, हा रिवाज. लाइट काय कारागीर घालवतो? असे तागे मुकादम नुसत्या नजरेने ओळखून बाजूला काढायचा.

यंत्राने पास केलेला माल आता मुकादम बघत नव्हता. आणि वर्षभर प्रत्येक फोटोत मी ती पट्टी सवयीने सोडली होती. कारखान्यात माझी चूक माझ्या टेबलापुरती राहायची. आता ती शहरातल्या प्रत्येक टेबलावर होती.

"शेठ, हे यंत्राला मीच शिकवलंय," मी मालकांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते हसले.

"मग सोपं झालं की. आता पट्टी पकडायला शिकवा. लूमच्या नंबरासकट रिपोर्टात छापू, गिऱ्हाईक खूश."

"लाइटच्या पट्टीला वेगळी, पिवळी चौकट करू या," मी म्हणाले, "म्हणजे कारागिराची मजुरी कापली जाणार नाही."

इंजिनिअरने मान हलवली. "लाइट गेली का कारागीर झोपला, कॅमेऱ्याला काय कळतंय काकू? पट्टी ती पट्टी."

शुक्रवारी नवं व्हर्जन सगळ्या यंत्रांवर आपोआप चढणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी निजामपुऱ्यात उतरले. माझ्या जुन्या कारखान्यात आता आमचंच यंत्र होतं; तिथे शिफ्ट बदलत होती. लाइट गेली की वेळ भिंतीवर खडूने लिहायची आणि मुकादमाची सही घ्यायची, असं कारागिरांना सांगितलं.

"क्यों दीदी," एक म्हातारा कारागीर म्हणाला, "अब बिजली जाने का भी गवाह लगेगा?"

"लगेगा. आजपासून लिहा."

मग टेमघरला गेले, पहिला फोटो उघडला आणि पट्टीभोवती लाल चौकट काढली.