माशातलं पाणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, वाचणाऱ्याने माफ करावं. ही वही माझ्या मुलीची, सुमनची, सातवीची विज्ञानाची. शेवटचं एक सोडून मागची पानं कोरी राहिली. त्यांवर मी समुद्रकाठच्या नवापूरला जाऊन आले ते लिहिते.

सकाळी मासवणहून एसटीने निघाले. सूर्या नदीवर धुकं होतं. ते नदीचंच पाणी, असं सुमन सांगायची. मांडीवर पिशवी, पिशवीत पैसे. गेल्या वर्षी आम्ही दोघींनी नवापूरच्या मथीमावशींकडून सुके बोंबील उधार आणले, पाड्यांवर विकायला. ते पुरते वाळले नव्हते, तरी मी घाईने प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधले. आतून पाणी सुटलं, बुरशी आली, सगळे उकिरड्यावर गेले. मी पिशवीला बोल लावत होते.

सुमन म्हणाली, "आई, पिशवीला घाम येत नाय. माशातलंच पाणी हाय ते. तू त्याला जायला वाटच नाय ठेवली."

आई पैसे देईल, असं मावशींना तिनेच सांगितलं होतं. उधार मागायला माझं तोंड उघडत नव्हतं. पुढे पावसाळ्यात ती तापाने गेली. मावशींना हे माहीत नव्हतं. गावात सगळ्यांना आपोआप कळलं, मला कोणाला सांगावं लागलं नाही. आज सांगायचं होतं. पालघर येईपर्यंत ते एक वाक्य मनात जुळवत होते. जुळलं नाही.

बोईसरला रिक्षात बसले. कारखान्यांकडून उग्र वास आला, मी पदर नाकाला लावला. रिक्षावाला हसून म्हणाला, "बोईसर का अत्तर है, चाची. फुकट मिलता है."

वास येतो म्हणजे त्या वस्तूचे बारीक कण नाकात शिरतात, हे याच वहीत आहे. सुमनची ओढणी मी धुतलेली नाही. पहिले दोन महिने तिला वास होता, आता येत नाही. कण उडून गेले, की मीच हुंगून संपवले, हे विचारायला कोणी नाही.

नवापूरला किनाऱ्यालगत वलांड्या (बोंबील वाळवायचे बांबूचे उंच मांडव) उभ्या होत्या. मावशी दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून बांबूवर टाकत होत्या. समुद्राची हवा ओली, तरी मासे वाळतात कसे, असं मी विचारलं. खरं तर वेळ काढत होते.

"वारा काढतो पाणी, ऊन नुसतं मिरवतं," त्या म्हणाल्या. "आन् तुझी मास्तरीण नाय आली? तिला इचारायचं."

"ती नाय आता, मावशी. पावसात गेली. तापानं."

त्यांच्या हातात एकच बोंबील राहिला. जोडीचा उचलायचं त्या विसरल्या. मग मला सावलीत बसवून त्यांनी तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील दिला. मी ते खाल्लं. पैसे पुढे केले तेव्हा वाटलं, नको म्हणतील. त्यांनी हात पदराला पुसले आणि सगळे घेतले.

"राहू दे बोलले असते," त्या म्हणाल्या, "पण पोरीनं शब्द दिलेला. तो मी नाय मोडायची."

निघताना त्यांनी थोडे बोंबील दिले. पिशवीचं तोंड मी उघडं ठेवलं. एसटीत बाया नाक मुरडत होत्या, तरी बांधलं नाही.

घरी येऊन वही काढली. शेवटच्या पानावर सुमनने लिहिलं आहे, नवापूर मावशी, बोंबलाचे पैसे बाकी. खोडायला पेन टेकवलं, पण तिचं अक्षर खोडवेना. त्याच्याखाली लिहिलं: दिले. सगळे.