संपदाची पाळी

विरार पश्चिमेच्या त्या थेरपी सेंटरमध्ये बाहेर बसायला खुर्च्या तीन आणि आया दहा, म्हणून निम्म्या जणी जिन्यातच बसायच्या. आतून बाईंचा आवाज यायचा, "बोल, पाणी. पा-णी." आणि जिन्यात बसलेल्या आया, चप्पल पायाखाली घेऊन, ओठांतल्या ओठांत पाणी म्हणायच्या. आतून काही ऐकू आलं नाही की मोबाइल काढून उगीच बघत बसायच्या.

त्यातल्या तिघींचं सूत जमलं. कॅथरिन वसईकडच्या गावातली, तोंडाने फटकळ. तिच्या ऑस्टिनला पाचव्या वर्षी का होईना, वीसेक शब्द फुटले होते. प्रेमलता आगाशीजवळच्या वाडीतली. घरी केळी, चाफा, सासू-सासरे, आणि नऊ वर्षांची भाविका. ही भाविका बोलायची, नाही असं नाही, पण फक्त टीव्हीवरच्या जाहिराती. भूक लागली की बिस्किटाची जाहिरात म्हणायची, आणि प्रेमलता बिचारी भाकरी वाढायची. तिसरी संपदा. माहेर साताऱ्याचं, राहायला आगाशी रस्त्यावरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, आणि मुलगा हर्षवर्धन. घरात हर्षू. वय सात, वजन चोवीस किलो, शब्द एकही नाही.

शनिवारची पाळी ही कॅथरिनच्या डोक्यातली कल्पना. दर शनिवारी चार ते सहा एकीने सुटायचं आणि दोघींनी तिन्ही मुलं सांभाळायची. जागा प्रेमलताची वाडी, कारण तिला कुंपण होतं आणि फाटकाला कडी होती. सुटलेलीने वाटेल ते करावं. फक्त फोन करायचा नाही आणि मुलासाठी काही विकत आणायचं नाही. प्रेमलता पहिल्या पाळीला मावसबहिणीकडे जाऊन जी झोपली, ती चहालासुद्धा उठली नाही. कॅथरिनने केस कापले आणि राजोडीच्या किनाऱ्यावर एकटीने दोन आइसक्रीम खाल्ली, दोन्ही स्वतःच.

संपदाची पाळी मात्र येईना. तिचा शनिवार आला की हिची काहीतरी सबब. आज हर्षूला सर्दी आहे, आज माझंच डोकं दुखतंय, आज प्रेमलताताई तुम्हीच जा, मला काही काम नाही. एकदा तिच्या नवऱ्याने, जितेशने, तिच्या मोबाइलवर कॅथरिनचा मेसेज वाचला, "संपदाची पाळी परत चुकली, सलग चौथ्यांदा," आणि सातिवलीच्या खोक्यांच्या कारखान्यात पन्नास माणसांवर सुपरवायझरी करणारा हा गडी मटकन खाली बसला. त्याला समजावून सांगेपर्यंत संपदाची हसून पुरेवाट झाली. त्या महिन्यात ती तेवढीच काय ती हसली.

कारण खोटं कशाला बोला, ह्या बाईच्या जिवाला स्वस्थता अशी नव्हतीच. आपला हात जगन्नाथ, हे तिचं ब्रीद. आणि तिच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. हर्षूला काही हवं असलं की तो तिचं मनगट धरायचा, ओढत न्यायचा आणि तिचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. फ्रीजवर, पंख्याच्या बटणावर, दुखणाऱ्या दाताच्या बाजूच्या गालावर. त्याला जे काही बोलायचं ते तो तिच्या हाताने बोलायचा. दुसऱ्या कुणाला ते कळेल ह्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, जितेशवरही अर्धाच. म्हणून तिने एक वही केली होती, दोनशे पानी. पाणी निळ्या काठाच्या पेल्यातच. वरण आणि भात शेजारी वाढायचे, कालवायचे नाहीत. डावा कान झाकला तर जो आवाज चालू असेल तो बंद करा. कुकरची चौथी शिट्टी होऊ देऊ नका. हे सगळं लिहून वही कुणाला म्हणून दिली नव्हती.

आणि एक गोष्ट वहीत नव्हती. ती तिने एकदाच, जिन्यात, कॅथरिनला विचारली होती. हर्षू मनगट धरतो, पण वर तोंडाकडे बघत नाही. सात वर्षांत आई म्हटलं नाही ते जाऊ दे, पण मी त्याची आई आहे की नुसता हात, हे कसं कळायचं गं? कॅथरिनला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं. त्या दिवशी तिने नुसती ऑस्टिनची चप्पल सरळ करून ठेवली.

मग दिवाळीनंतर, त्याच जिन्यात, संपदाच्या बरगडीखाली अशी कळ उठली की ती कठडा धरून पायरीवर आडवीच झाली. पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ऑपरेशन वेळेत केलंत तर दोन दिवसांचं काम आहे, अंगावर काढलंत तर जिवावर बेतेल. नंतर पंधरा-वीस दिवस वजन उचलायचं नाही. संपदाने मान डोलावली, घरी आली आणि तारीख पुढे ढकलली. एकदा, दोनदा, तीनदा. चोवीस किलोचं पोर रस्त्यात फतकल मारून बसलं तर उचलणार कोण? दोन दिवस माझं मनगट नसेल तर त्याने दात दुखतोय हे सांगायचं कुणाला? जितेश रागावला, मग रडकुंडीला आला. मी दोन दिवस रजा काढतो म्हणाला, हात जोडले. पुण्याहून नणंदेने फोन करून अमुक देवाला नवस बोल म्हणून सुचवलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांचं काय जातंय.

शेवटी कॅथरिनने जिन्यात सगळ्यांच्या देखत सुनावलं. "तू मेलीस तर तो कुणाचं मनगट धरणार, ते लिहिलंस का वहीत?"

संपदाला राग आला. पण त्या शनिवारी चार वाजता ती वाडीच्या फाटकात उभी होती, एका हातात हर्षू, दुसऱ्या हातात वही. आधी दोन तास जमले तर दोन दिवसांचं बघू, एवढंच तिने कबूल केलं होतं. प्रेमलताने वही घेतली, पदराला हात पुसून पहिल्या पानापासून वाचायला लागली. हर्षू केळीच्या बागेतल्या पाण्याच्या पाटाकडे निघून गेला होता, त्याने मागे बघितलंही नाही. कॅथरिनने संपदाला रिक्षात जवळजवळ कोंबलंच.

आगाशीच्या बाजारात उतरली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आता करायचं काय? सात वर्षांत तिला रिकामा वेळ कसा घालवायचा ह्याचा विसरच पडला होता. देवळाच्या तळ्याकाठी जाऊन बसली, चार मिनिटांत उठली. प्रेमलताने पाटाचं पाणी बंद केलं असेल का? शेवाळ असतं पायाखाली. परत बाजारात आली. एका बाईकडे वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा पुडा घेतला, पैसे दिले आणि पुडा तिथेच विसरून निघाली. बाईने हाक मारून परत दिला. फोन वाजला तसा तिने घाईघाईने उचलला. विरारला वन बीएचके घ्यायचा विचार आहे का मॅडम? तिने त्या मुलीला असं काही झापलं की नंतर तिचं तिलाच वाईट वाटलं. चार पस्तीस. चहा मागवला, पिववेना. डावा हात सारखा हलका लागत होता, मनगटाला धरलेलं कुणी नाही म्हणून. एका छोट्या मुलाने गर्दीत "आई" अशी हाक मारली आणि बाजारातल्या पाच बायांनी वळून बघितलं. संपदाने नाही बघितलं. तिला सवयच नव्हती.

पाचच्या आत बाई वाडीच्या गल्लीत परत हजर. रिक्षा अलीकडेच सोडली, आणि कुंपणाच्या मेंदीआडून वाकून बघायला लागली. शेजारच्या म्हातारीने काय हरवलं म्हणून विचारलं, तर काही नाही काही नाही.

आत सगळं ठाकठीक होतं. तेच तर. ऑस्टिन मातीत गाडी फिरवत होता. भाविका सुकलेलं पान फाडत जाहिरात म्हणत होती. हर्षू मोटरच्या पाइपापाशी उकिडवा बसला होता, धारेत हात घालून. मोटर बंद झाली. तो उठला, प्रेमलताकडे गेला, तिचं मनगट धरलं, ओढत नेलं आणि तिचा हात बटणावर ठेवला. मोटर सुरू झाली. पाणी उसळलं आणि तो खळखळून हसला, घरी पंखा लागला की हसतो अगदी तसाच.

संपदाने ते बघितलं. म्हणजे कुणाचंही मनगट चालतं. सात वर्षं तिने स्वतःला सांगितलं होतं की हे फक्त आपल्याशी आहे, आणि इथे एका तासात प्रेमलताचा हात तिच्या जागी बसला होता. आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. एखाद्या परक्या बाईसारखी ती मेंदीआड उभी होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण पोराच्या हसण्यावर जळतोय, ह्याची लाजही वाटत होती.

ती गल्लीच्या तोंडाशी गेली आणि जितेशला फोन लावला. मंगळवारची तारीख घे म्हणाली. तो आधी समजलाच नाही. मग विचारलं, बरं चाललंय ना तिकडे? "उत्तम चाललंय," ती म्हणाली. "त्याला माझ्यावाचून काही अडत नाही. टाकू करून ऑपरेशन." आणि त्याने पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला. राहिलेला पाऊण तास ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून होती. सुकेळी एकेक करून सगळी संपवली, चव काही कळली नाही.

सहा वाजता ती फाटकातून आत गेली. हर्षूने मान वर केली नाही, पण पाइप सोडून आला, तिचं मनगट धरलं आणि तसाच उभा राहिला. कुठे न्यायचं नव्हतं त्याला. प्रेमलता ओसरीवर वही मांडीवर घेऊन बसली होती, कपाळाला आठ्या घालून.

"संपदा, तू हे अर्धवट लिहिलंयस," ती म्हणाली. "मी दोनदा सगळी पानं उलटली. तू दिसली नाहीस की हा काय करतो, ते कुठेच नाही."

संपदा म्हणाली, काय करतो म्हणजे?

तेव्हा प्रेमलताने सांगितलं, अगदी तक्रार केल्यासारखं. संपदा गेल्यावर पाचेक मिनिटं हा पाटाशी खेळला. मग त्याने वर बघितलं, ओसरी बघितली, मागची पडवी बघितली, विहिरीपर्यंत जाऊन आला. मग प्रेमलताचं मनगट धरून फाटकाशी नेलं आणि हात कडीवर ठेवला. हिला वाटलं, पोराला बाहेर फिरायचंय, म्हणून घेऊन गेली. तर तो रस्त्यावर नुसता उभा राहिला, रिक्षा ज्या वळणावरून गेली त्या वळणाकडे तोंड करून. आत आणलं तर परत फाटक. असं चार वेळा. कॅथरिनने लाडू दाखवला, घेतला नाही.

"चौथ्या वेळी मला अक्कल आली," प्रेमलता म्हणाली. "मी खाली बसले आणि सांगितलं, आई येते. येते आई. मग पाचव्यांदा नाही नेलं. मोटरपाशी जाऊन बसला. पण हे आधी लिहायचं ना गं. मला उगीच अर्धा तास कळेना, हा मागतोय काय."

संपदाने हर्षूकडे बघितलं. मनगट त्याच्या मुठीत होतं, घट्ट.

"मला कुठे माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "मी कधी गेलेच नव्हते."

कॅथरिन फटकळ खरी, पण ती उठून भाविकाला पाणी द्यायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता मंगळवार रद्द होणार, असं जितेशला वाटलं होतं. बाईचा स्वभाव त्याला ठाऊक. त्या दोन दिवसांत ती चारदा हो-नाही करून झाली. पाच मिनिटं दिसले नाही तर पोर एवढं हिंडलं, तर दोन दिवसांत काय करेल? स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात, नुसत्या येरझाऱ्या. सोमवारी संध्याकाळी तिने वही काढली आणि पहिल्या पानाच्या अगदी वर, कोऱ्या समासात, लिहिलं: आई दिसली नाही की फाटकाशी नेतो. त्याला खाली बसून सांगायचं, आई येते. लिहून झाल्यावर ती ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसली.

मंगळवारी सकाळी साडेसातला रिक्षा वाडीच्या फाटकाशी थांबली. दिवसभर हर्षू प्रेमलताकडे, संध्याकाळी जितेश येऊन त्याला घरी नेणार, इस्पितळात संपदाशेजारी कॅथरिन, असं ठरलं होतं. कॅथरिनने तिघींच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, "आली बाई एकदाची पाळी." जितेशने तो संपदाच्या मोबाइलवर वाचला आणि ह्या वेळी त्याला काही विचारावं लागलं नाही.

हर्षू पाटाकडे गेला. पाण्यात हात घालून पाठमोरा बसला. संपदा फाटकात उभी राहिली, एक मिनिट, दोन मिनिटं. जितेशने रिक्षातून हळूच विचारलं, बघतोय का गं तो?

"नाही," संपदा म्हणाली. "मी दिसतेय तोवर नाही बघणार." मग तिने स्वतःच्या हाताने फाटकाची कडी लावली आणि रिक्षात येऊन बसली. रिक्षावाल्याला सांगितलं, "चला दादा, त्या वळणावरून घ्या."