लिंबाजी कंडक्टरचा पॅसेंजर

लिंबाजी काकांचा आवाज काढायचा असेल तर हनुवटी छातीला टेकवायची, पोटातून बोलायचं आणि समोरचा माणूस ठार बहिरा आहे असं धरून चालायचं. "आत सरका, आत सरका. दारात कुणी थांबायचं न्हाई. मागं सगळं मोकळं पडलंय." सोनपेठ-परभणी गाडीवर सगळी नोकरी काढलेला माणूस. मागं मोकळं कधीच नसायचं. मागं शेळी घेऊन बसलेली म्हातारी, हरभऱ्याची पोती आणि कुणाचं तरी ओकणारं लेकरू. तरी लोक सरकायचे. त्या आवाजानं जागा तयार व्हायची.

रिटायर झाल्यावर आवाज तेवढाच राहिला, सरकणारं कुणी उरलं नाही. एका लग्नात ते पंगतीतल्या लोकांना सरकवायला गेले तर वाढपी म्हणाला, "काका, बसा तुमी. बुंदी घ्या." घरात कुणाला सरकवावं तर एकट्या चतुराकाकू, आणि त्या लग्न झाल्यापासून कुणाच्या सांगण्यावरून जागच्या हललेल्या नाहीत.

मग साप आला.

साप त्यांच्या मुलाचा, हरिओमचा. हरिओम पुण्यात नोकरीला. तिथं त्यानं रीतसर कागदपत्रं करून एक परदेशी साप पाळला होता. नारिंगी, बिनविषारी, करंगळीएवढा जाड, हातभर लांब. नव्या घरमालकानं सापाला नाही म्हटलं, तेव्हा हरिओम "थोडे दिवस" म्हणून काचेच्या पेटीसकट तो सोनपेठला ठेवून गेला. थोडे दिवस अजून चालू आहेत. सापाचं नाव त्यानं काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी ते रद्द करून 'पॅसेंजर' केलं.

चतुराकाकूंचा आवाज काढणं मात्र अवघड. त्या कधी वर चढतच नाहीत. वाक्य हळूच ठेवून देतात आणि ते दिवसभर समोरच्याला सलत राहतं. साप बघून त्या एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पण पेटीबाहेर असताना एकदा जरी तुमच्या नजरंआड झाला, की त्याच दिवशी पुण्याला. पुण्यात घेत न्हाईत, ते तुमचं तुमी बघा."

"नजरंआड?" काका म्हणाले. "अगं, माझ्या गाडीतून कोंबडी कधी नजरंआड झाली न्हाई."

हरिओमनं सांगून ठेवलं होतं, दुपारी थोडा वेळ त्याला खोलीत मोकळं फिरवायचं, जेवल्यावर लगेच नाही, आणि नजर हटवायची नाही. काकांनी ही ड्युटी लावून घेतली. अंगात खाकी शर्ट, खाली लुंगी. पंखा बंद. खिडकीला कडी. दाराच्या फटीत गोधडी कोंबायची. मांजर अंगणात. मग पेटीचं झाकण उघडायचं आणि म्हणायचं, "चला, उतरून घ्या."

पॅसेंजर जीभ लपलपवत उतरायचा. भिंतीच्या कडेकडेनं निघायचा.

"दारात थांबू नये. कोपऱ्यात लय जागा हाय. सरका."

आणि तो सरकायचा की, कोपऱ्यात. साप कोपऱ्यातच जातात, त्याला दुसरं काही सुचत नाही. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकत होतं, आणि ऐकताना "काका, बसा तुमी" म्हणत नव्हतं. त्यांची नि आमची भिंत एकच असल्यामुळे आम्हालाही रोज दुपारी कळायचं, की आता पॅसेंजर कुठं पोचला आणि त्यानं कुणाच्या सीटवर बसू नये. पेटी पुण्याला गेली असती तर काकांचा दिवस नुसता चहा आणि दोन चहांमधला वेळ झाला असता. म्हणून ते नजर हटवत नव्हते. शिंक आली तरी एक डोळा उघडा ठेवून शिंकायचे.

नागपंचमीचा दिवस आला. त्या दिवशी काकूंच्या घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, उकरायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. नागाला दुखापत होते. काकूंनी आदल्या संध्याकाळीच विळी, चाकू, कात्री, सुया सगळं फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर टाकलं. काकांना दाढीसुद्धा बंद. सकाळी पुरणाची दिंडं उकडली, आणि दुपारी त्या आमच्या शांतम्मा आजीला घेऊन लाह्या-दुधाची वाटी हातात धरून वारूळ पुजायला निघाल्या.

"घरात एक हाय की," काका म्हणाले. "इथंच पूजा. पायपीट वाचल."

"तुमचा तो पुण्याचा हाय," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

काकांनी पॅसेंजरला उतरवलं. तेवढ्यात फोन वाजला. किशनराव ड्रायव्हर, त्यांचा गाडीवरचा जोडीदार. दोघांचं एक जुनं भांडण आहे, पेडगावजवळ गाडी चिखलात कुणामुळं रुतली.

"तू घातलीस चिखलात," काका म्हणाले.

"तू घंटी दिलीस म्हणून घातली," फोनमधून आवाज.

"मी घंटी थांबायची दिली."

"थांबायची एक असती लिंबाजी. तू दोन दिल्या."

आता लिंबाजी काकांना बसून भांडता येत नाही. ते उठले. भांडताना त्यांना समोर भिंत लागते, कारण बोट नाचवायला काहीतरी लागतं. ते भिंतीकडे वळले. दोन घंट्यांचा हिशोब मिटेना. मिटला तेव्हा ते परत वळले, आणि खोलीत पॅसेंजर नव्हता.

दाराची गोधडी जागच्या जागी. खिडकी बंद. काकांनी पाट उचलला, चपला झटकल्या, स्वतःची लुंगीसुद्धा झटकली. मग दिवाणावरच्या कापसाच्या गादीकडे लक्ष गेलं. कोपऱ्यात शिवण उसवली होती आणि त्या भोकात नारिंगी शेपटीचं टोक होतं. काका हात लांबवेपर्यंत तेही आत गेलं.

गादी पिंजाऱ्यानं ठासून भरलेली. दाबावं तर आतला जीव जायचा. उचलून झटकावी तर तेच. भोकात हात जाईना. काकांनी आधी आवाज वापरून बघितला. "बाहेर या. ह्यी गाडी डेपोला चाललीय." गादी ढिम्म. मग ते स्टुलावर चढले, फळीवरचं फडकं काढलं, कात्री घेतली आणि शिवणीपाशी येऊन गुडघ्यावर बसले.

तेवढ्यात दार ढकलून, गोधडी सारून, काकू आणि शांतम्मा आजी आत आल्या.

"हातात काय हाय?" काकूंनी विचारलं.

"कात्री."

"कामून?"

"गादी उसवायलोय."

"आज?"

काकांनी कात्री पाठीमागे घेतली, जणू त्यामुळे ती उद्याची होणार होती. "आत पॅसेंजर हाय."

काकूंनी रिकामी वाटी खाली ठेवली. "म्हंजे मी तिकडं वारुळाला दूध ठिवून आले, अन् इकडं तुमी सापावर कात्री धरून बसलाव."

"सापावर न्हाई गं. गादीवर."

"गादीत कोण हाय?"

"साप."

"मग."

शांतम्मा आजीनं गादीच्या भोकात वाकून बघितलं. "बसू द्या की त्याला," ती म्हणाली. "सण त्याचा हाय. आपण कशाला मधी?" आणि दिंडं खायला निघून गेली.

"नजरंआड झाला," काकू म्हणाल्या.

"नजरंआड न्हाई. हरवला असता तर नजरंआड. ह्यानं नुसती सीट बदलली. कुठं हाय ते मला बी माहीत हाय, तुला बी माहीत हाय."

"कात्री वर ठिवा."

"अगं, आत गुदमरल तो."

"कात्री वर ठिवा. आज ह्या घरात कायबी उसवायचं न्हाई."

अशी गंमत झाली की सापाला जपायच्या दिवशीच त्याला बाहेर काढायची सोय नव्हती. काकूंनी खुर्ची ओढली आणि गादीच्या भोकासमोर बसल्या. काकांनी मधे मधे येऊन माहिती पुरवायचा प्रयत्न केला. "त्याला अंधार आवडतो." "त्यो आपलं आपण येतो." "मी जरा आवाज देऊ का?" शेवटच्याला काकूंनी नुसतं वर बघितलं. काका स्वयंपाकघरात गेले आणि तिथं भांड्यांना हळू आवाजात सरकवत बसले.

संध्याकाळी आभाळ भरून आलं, वारं गार सुटलं. काकूंचे गुडघे धरले. त्यांनी काकांकडून गरम पाण्याची पिशवी भरून घेतली, गुडघे शेकले आणि पिशवी दिवाणाच्या कडेला, त्या भोकाजवळ टेकवून ठेवली. थोड्या वेळानं भोकातून जीभ आली. मग डोकं, कापसाचा पुंजका टोपीसारखा घातलेलं. पॅसेंजर निवांत उतरला आणि पिशवीवर वेटोळं घालून पडला.

काकू ओरडल्या नाहीत. "आवं, आला बगा."

काका धावत आले, दारातच थबकले. काकूंनी सापाच्या डोक्यावरचा कापूस दोन बोटांनी उचलला. "ऊब पायजे होती त्याला. तुमी कात्री काढली."

"म्हंजे..." काकांनी पेटीकडे बघितलं. "पुण्याला?"

"अट तुमी मोडली. ह्यानं न्हाई." काकूंनी पिशवी सापासकट पेटीत ठेवली. "ह्यो ऱ्हाईल. बाहेर काढायचं काम आता माझं. तुमी किशनरावासंग फोनवर बोला."

दुसऱ्या दुपारपासून काकूंनी दार आतून लावून घेतलं. काका खाकी शर्टात बाहेर ओट्यावर. आतून काकूंचा आवाज येत नाही, त्यामुळे पॅसेंजर कुठं पोचला हे आता गल्लीत कुणालाच कळत नाही. काका दाराला कान लावतात. "कोपऱ्यात हाय का?" मग खिडकीपाशी जातात. "अगं, दिवाणाकडं ध्यान ठेव."

परवा हरिओमचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, मजेत हाय का तो?"

"एकदम. माझ्या देखरेखीखाली हाय."

"दाखवा की जरा."

काकांनी फोन छातीशी धरून दार वाजवलं. "अगं, हरिओमला बघायचाय."

"आता त्यो फिरायलाय," आतून हळूच आलं. "नंतर या."

काकांनी फोन परत तोंडासमोर धरला, हनुवटी छातीला लावली आणि साऱ्या सोनपेठला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "रेंज न्हाई रे इकडं."